अपत्यासाठीं केलेला प्रवास : ब्राउन दांपत्याची हकीकत

लग्न होऊन दोन-तीन वर्षें लोटलीं आणि घरांत पाळणा हलला नाहीं, कीं आपल्याकडे प्रश्न सुरू होतात. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, गांवाकडचीं वडील माणसें विचारतात, आणि जो विचारीत नाहीं तो नवसाच्या देवांचीं नांवें सांगतो. प्रश्न जातो तो बहुधा सुनेकडे. मुलाला कोणी फारसें विचारीत नाहीं. डोहाळजेवणाच्या वा बारशाच्या दिवशीं अशा स्त्रीला उगाच दुसऱ्या कामाला लावून बाजूस ठेवण्याची रीत सुशिक्षित घरांतूनही पुरती गेलेली नाहीं. फार तर ती आतां मोठ्यानें बोलून दाखविली जात नाहीं, इतकेंच.

मूल न होणें ही शरीराची एक अडचण आहे, आणि ती पतीच्या ठिकाणीं असूं शकते, पत्नीच्या ठिकाणीं असूं शकते, किंवा दोघांच्याही ठिकाणीं असूं शकते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला ठाऊक होऊन पुष्कळ काळ लोटला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांतील प्रौढ माणसांपैकीं दर सहांत एकाला आयुष्यांत केव्हां ना केव्हां या अडचणीशीं सामना द्यावा लागतो. इतका हा अनुभव सर्वत्र आढळणारा असून त्याविषयीं बोलणारीं माणसें मात्र थोडीं. म्हणूनच ज्या एका दांपत्याची हकीकत, त्यांची इच्छा असो वा नसो, सगळ्या जगापुढें उघडी झाली, तिच्याकडे जरा निवांतपणें पाहणें उपयोगाचें आहे.

ब्रिस्टल हें इंग्लंडच्या पश्चिम भागांतील जुनें बंदर. जॉन आणि लेस्ली ब्राउन हें दांपत्य तेथें राहत होतें. जॉन रेल्वेंत नोकरीला होता. लेस्ली चीजच्या कारखान्यांत काम करी. पैसा बेताचा, शिक्षण बेताचें, आणि मोठ्या लोकांची ओळखदेख कोणाशीं नाहीं. जॉनला पहिल्या विवाहापासून एक मुलगी होती. अडचण कोणाच्या शरीरांत आहे याविषयीं त्यामुळें शंकेला जागाच उरली नव्हती, आणि नेमकें हेंच लेस्लीच्या मनाला लागून राहिलें होतें. नऊ वर्षें तीं दोघें मुलाची वाट पाहत होतीं. पुढें पुढें तर लेस्लीला खिन्नतेनें इतकें ग्रासलें कीं, आपला नाद सोडून दुसरी धडधाकट स्त्री पाहावी असें तिनें आपण होऊन नवऱ्याला सुचविलें. जॉननें तें मानलें नाहीं. एवढ्यावरून असें दिसतें कीं, ‘वांझ’ हा शब्द ज्या भाषेंत शिवीसारखा वापरला जात नाहीं, त्या भाषेंतही स्त्री तो स्वतःच्या मनांत स्वतःला लावून घेते.

लेस्लीच्या शरीरांत दोष होता तो एवढाच कीं, तिच्या बीजवाहक नळ्या बंद होत्या. या नळ्यांचें काम समजल्याखेरीज पुढील हकीकत समजणार नाहीं. गर्भाशयाच्या दोन बाजूंस दोन बीजकोश असतात, आणि साधारणपणें दर महिन्याला त्यांपैकीं एकांतून एक बीज बाहेर पडतें. हें बीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढें, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखें दिसेल इतकें असतें. तरी तेंच मानवी शरीरांतील सर्वांत मोठ्या पेशींपैकीं एक होय. बीजकोशाजवळ झालरीसारखें तोंड असलेली एक बारीक नळी तें उचलून घेते. सोळाव्या शतकांतील इटालियन शरीरशास्त्रज्ञ फालोपियो यांचें नांव या नळ्यांना पाश्चात्य वैद्यकांत मिळालेलें आहे. पुरुषबीजाशीं त्याचा संयोग होतो तो गर्भाशयांत नव्हे, तर या नळींतच, तिच्या बाहेरच्या रुंद भागांत. संयोग झाल्यावर तो सूक्ष्म गर्भ दोनाचे चार, चाराचे आठ असा वाढत, नळींतील केंसाळ अस्तराच्या हेलकाव्यांवर सरकत, चार-पांच दिवसांनीं गर्भाशयांत उतरतो आणि सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास तेथें रुजूं लागतो.

नळी बंद असली म्हणजे बीजकोश निरोगी, गर्भाशय निरोगी, पती निरोगी, आणि तरीही मधला पूल तुटलेला. आपल्या देशांत असे पूल तोडण्यांत क्षयाच्या जंतूंचा मोठा हात आहे. क्षय म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें खोकला येतो. परंतु हे जंतु बीजवाहक नळ्यांतही गुपचूप घर करतात. ना खोकला, ना ताप, आणि कित्येक स्त्रियांना आपल्याला असा कांहीं रोग होऊन गेला याचा पत्ता मूल होत नाहीं म्हणून तपासणी केल्यावरच लागतो. बंद नळ्या शस्त्रक्रियेनें मोकळ्या करण्याचा प्रयत्न पूर्वींपासून होत असे. लेस्लीवरही तसा प्रयत्न झाला होता. तो फसला.

१९७६ सालीं ब्रिस्टलच्या एका डॉक्टरबाईंनीं तिला उत्तरेकडील ओल्डहॅम या गिरणगांवीं पॅट्रिक स्टेप्टो या शस्त्रवैद्यांकडे पाठविलें. ओल्डहॅम हें मँचेस्टरजवळचें, कापसाच्या गिरण्यांवर वाढलेलें गांव. मोठ्या विद्यापीठाची प्रतिष्ठा नाहीं, राजधानीचा डौल नाहीं. स्टेप्टो यांनीं बेंबीजवळ लहानसें छिद्र पाडून दुर्बिणीसारख्या नळीनें पोटाच्या आंत पाहण्याची विद्या हस्तगत केली होती. पोट न फाडतां बीजकोशापर्यंत पोहोंचतां येतें हें त्यांनीं दाखविलें होतें. रॉबर्ट एडवर्ड्स हे केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. मानवी बीजाचा पुरुषबीजाशीं संयोग शरीराबाहेर, कांचेच्या भांड्यांत होऊं शकतो हें त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केलें होतें. तिसरी व्यक्ति जीन पर्डी. ती परिचारिका म्हणून शिकलेली. परंतु प्रयोगशाळेचें सारें काम तिच्या हातून होई. एकाकडे बीज बाहेर काढण्याची कला, दुसऱ्याकडे तें जोपासण्याची विद्या, आणि तिसरीकडे दोहोंना सांधणारी चिकाटी, असा हा योग जुळून आला होता.

सरकारी पैसा मात्र त्यांना मिळाला नाहीं. १९७१ सालीं ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें त्यांची मागणी नाकारली. या पद्धतीनें जन्मणारें मूल निकोप निपजेल कीं नाहीं ही एक शंका होतीच, आणि ती रास्त होती. परंतु दुसरें एक कारण असें होतें कीं, जगाची लोकसंख्या भरमसाट वाढत असतां मुलें होण्याचा उपचार शोधण्याची निकड काय? हा युक्तिवाद आपल्या देशांतही आजवर पुष्कळदां ऐकूं आला आहे. तो वरवर मोठा समंजस वाटतो. परंतु शेजारच्या घरांत पांच मुलें खेळतात म्हणून या घरांतील रिकामेपण भरून निघत नाहीं, हें तो युक्तिवाद करणारांच्या ध्यानीं येत नाहीं. बहुधा त्यांच्या स्वतःच्या घरीं मुलें असतात.

ब्राउन दांपत्य ओल्डहॅमला आलें तेव्हां या तिघांचें काम कित्येक वर्षें चाललें होतें, आणि यश एकही पदरांत पडलेलें नव्हतें. पुढें जुन्या टिपणवह्यांवरून जी गणती झाली तींत असें दिसून आलें कीं, १९६९ ते १९७८ या काळांत २८२ स्त्रियांनीं हा उपचार करून घेण्याची तयारी दाखविली, आणि त्या सर्वांत मिळून गर्भधारणा झाल्या पांच, व जिवंत मुलें जन्मलीं दोन. या २८२ स्त्रियांपैकीं बहुतेकींचीं नांवें इतिहासाला ठाऊक नाहींत. त्यांनीं भूल घेतली, शस्त्रक्रिया सोसली, आणि रिकाम्या हातांनीं घरीं परतल्या. पुढें लाखों घरांत जीं मुलें आलीं, त्यांचें देणें या निनावी बायकांच्याही खात्यावर मांडलें पाहिजे.

ब्रिस्टलपासून ओल्डहॅम अडीचशें किलोमीटरांहून दूर. प्रवास, मुक्काम, कामावरची रजा, सगळ्यालाच पैसा लागे. फुटबॉलच्या सामन्यांचे अंदाज वर्तविण्याची जी पैज इंग्लंडांत लागते, तींत जॉनला कांहींशें पौंड लागले होते. ते या खर्चाला उपयोगीं पडले. असल्या पैशाचा याहून चांगला विनियोग क्वचितच झाला असेल.

त्यापूर्वीं स्त्रियांना औषधें टोंचून एकाच महिन्यांत अनेक बीजें पिकविण्याची पद्धत हे संशोधक वापरीत. परंतु त्या औषधांनीं गर्भाशयाचें अस्तर बिघडतें असा संशय आल्यावरून त्यांनीं तीं सोडून दिलीं, आणि निसर्गतः पिकणाऱ्या एकाच बीजावर भिस्त ठेवण्याचें ठरविलें. हें ऐकावयास सोपें, करावयास फार कठीण. बीज बाहेर पडण्यापूर्वीं शरीरांत एका विशिष्ट रसाचें प्रमाण एकदम वाढतें. तें लघवींत उतरतें. म्हणून त्या स्त्रियांची लघवी दर तीन तासांनीं, दिवसा आणि रात्रीं, तपासली जाई. ती वाढ दिसली कीं घड्याळ लावून तास मोजावयाचे आणि ठरल्या वेळीं शस्त्रक्रिया करावयाची, मग ती वेळ मध्यरात्रीची कां असेना. थोडें लवकर झालें तर बीज कच्चें. थोडा उशीर झाला तर तें निसटून गेलेलें.

हें सारें काम ओल्डहॅमजवळील केरशॉ यांच्या नांवाच्या एका लहानशा रुग्णालयांत चाले. १० नोव्हेंबर १९७७ रोजीं स्टेप्टो यांनीं लेस्लीच्या बीजकोशांतून एक बीज काढून घेतलें. एकच. एडवर्ड्स यांनीं कांचेच्या बशींत जॉनच्या पुरुषबीजाशीं त्याचा संयोग घडवून आणला. वर्तमानपत्रांनीं पुढें ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हें नांव रूढ केलें, आणि आपल्याकडे त्याचें ‘परीक्षानळींतील मूल’ असें भाषांतर झालें. वास्तविक परीक्षानळीचा या कामांत कांहींच संबंध नव्हता, आणि मूल कांचेंत वाढलें असेंही नव्हे. कांचेंत गेले ते पहिले अडीच दिवस. बीज दुभागलें आहे हें सूक्ष्मदर्शकांतून प्रथम पाहिलें तें जीन पर्डीनें. आठ पेशींचा तो गर्भ बारीक नळीनें लेस्लीच्या गर्भाशयांत ठेवण्यांत आला, आणि मग कोणालाच कांहीं करण्यासारखें उरलें नाहीं.

या उपचारांतील सर्वांत कठीण भाग कोणता, असें त्यांतून गेलेल्या स्त्रियांना विचारलें तर पुष्कळजणी सुईचें नांव घेत नाहींत, शस्त्रक्रियेचेंही घेत नाहींत. गर्भ आंत ठेवल्यापासून तो रुजला कीं नाहीं हें कळेपर्यंतचे जे साधारण दोन आठवडे, त्यांचें नांव घेतात. त्या दिवसांत चालावें कीं निजून राहावें, जिना चढावा कीं नाहीं, पोटांतली ही कळ चांगली कीं वाईट, या प्रश्नांनीं डोकें भणभणून जातें. डॉक्टर सांगतात कीं नेहमीचा व्यवहार करावा, निजून राहण्यानें गर्भ अधिक रुजतो असें नाहीं. तें पटतें, आणि तरीही पाऊल हळूच पडतें. डिसेंबर १९७७ मध्यें एडवर्ड्स यांचें लेस्लीला एक छोटें पत्र आलें. रक्त-लघवीच्या तपासणीवरून गर्भ राहिल्याचीं चिन्हें दिसत आहेत, असें त्यांत कळविलें होतें. आणि जपून राहण्याची सूचना करतांना बर्फावरून घसरण्याचे खेळ, डोंगर चढणें आणि नाताळची खरेदी हीं तिन्ही एकाच यादींत घालून वर्ज्य केलीं होतीं. तें पत्र ब्राउन कुटुंबानें जपून ठेवलें.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लेस्लीची अशी समजूत होती कीं, या पद्धतीनें आजवर कित्येक मुलें जन्मलेलीं आहेत. आपण पहिलीच आहोंत हें तिला पुष्कळ उशिरा उमगलें. तिला कोणी मुद्दाम फसविलें असें म्हणण्यास आधार नाहीं. तथापि आजच्या काळीं अशा उपचारापूर्वीं यश किती, अपयश किती, धोके कोणते, हें दांपत्याला स्पष्ट सांगून त्यांची लेखी संमति घ्यावी लागते, आणि तें योग्यच आहे. आशेनें आंधळ्या झालेल्या माणसाला खरी गोष्ट आपण होऊन सांगावी लागते; तो विचारीत नाहीं.

बातमी फुटली तेव्हां ओल्डहॅमच्या रुग्णालयाला वार्ताहरांचा वेढाच पडला. लेस्लीला खोट्या नांवानें ठेवावें लागलें. कोणी तरी बाँब ठेवल्याची खोटी हूल उठविली आणि रोग्यांना बाहेर काढण्याची वेळ आली. त्यांतच तिचा रक्तदाब वाढूं लागला, म्हणून नियोजित दिवसाच्या आधींच शस्त्रक्रियेनें प्रसूति करण्याचें ठरलें. २५ जुलै १९७८ च्या रात्रीं ११ वाजून ४७ मिनिटांनीं मुलगी जन्मली. वजन ५ पौंड १२ औंस, म्हणजे सुमारें २.६ किलो. तिचें नांव लुईज जॉय ठेवण्यांत आलें. जॉय म्हणजे आनंद. शस्त्रक्रियेचें चित्रण करून घेतलेलें होतें, कारण या स्त्रीला निसर्गतः गर्भ राहणें शक्यच नव्हतें हें शंकेखोरांना दाखवावयाचें होतें. आई होण्याच्या घटकेलाही पुरावा गोळा करावा लागावा, हें जरा विचित्रच.

अभिनंदनाच्या पत्रांचा पाऊस पडला, तसा शिव्याशापांचाही पडला. एका पाकिटांतून तर फुटलेली कांचनळी आणि लाल रंगाचे शिंतोडे असलेला कागद आला. धर्माचार्यांपैकीं पुष्कळांनीं नापसंति व्यक्त केली. व्हेनिसचे कार्डिनल अल्बिनो लुचियानी, जे पुढच्याच महिन्यांत पोप झाले, त्यांना विचारलें असतां त्यांनीं पद्धतीविषयीं शंका दर्शविली, परंतु ज्यांनीं केवळ मूल हवें म्हणून हें केलें त्या आईबापांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाहीं असें सांगितलें. त्या गदारोळांत इतकें सौम्य बोलणारे थोडेच होते. आपल्याकडे गांधारीच्या तुपाच्या कुंभांची आठवण अनेकांना झाली. कथा म्हणून ती सुरेख आहे. परंतु ओल्डहॅमच्या प्रयोगशाळेंतील वह्यांत नऊ वर्षांचें अपयश ओळीनें लिहिलेलें आहे, आणि शास्त्र म्हणतात तें त्या वह्यांना.

ब्राउन दांपत्याला याच उपचारानें १९८२ सालीं दुसरी मुलगी झाली, नॅटली. अशीं मुलें पुढें स्वतः आईबाप होऊं शकतील काय, ही शंका तेव्हां सर्वांच्या मनांत होती. १९९९ सालीं नॅटलीला नैसर्गिक रीतीनें मूल झालें आणि ती शंका मिटली. लुईजलाही २००६ सालीं मुलगा झाला. एडवर्ड्स यांना २०१० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तोंवर स्टेप्टो जाऊन बावीस वर्षें झालीं होतीं, आणि जीन पर्डी तर १९८५ सालींच, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं वारली होती. तिचें नांव स्मृतिफलकावर कोरलें जावें म्हणून एडवर्ड्स यांनीं आग्रह धरला होता. तें कोरलें गेलें २०१५ सालीं, म्हणजे त्यांच्याही मृत्यूनंतर.

आजचा उपचार लेस्लीच्या वेळेपेक्षां पुष्कळ बदलला आहे. पुन्हां औषधांचा मार्ग आला, कारण औषधें सुधारलीं. स्त्रीला आठ-दहा ते बारा दिवस रोज टोंचून घ्यावें लागतें. कित्येक घरांत ही सुई नवराच टोंचतो, आणि तेवढ्यापुरता तरी तो या कामांत भागीदार होतो. पोटाला छिद्र पाडावें लागत नाहीं; ध्वनिलहरींच्या चित्रावर नजर ठेवून योनिमार्गानें सुईनें बीजें ओढून घेतात. पुरुषबीजांची संख्या वा गति फारच कमी असली तरी एकच पुरुषबीज निवडून तें सुईनें बीजांत सोडण्याची युक्ति बेल्जियममध्यें सांपडली, आणि १९९२ सालीं ती प्रसिद्ध झाली. जे पुरुष पूर्वीं निरुपाय समजले जात, त्यांनाही त्यायोगें मूल होऊं लागलें. उरलेले गर्भ गोठवून ठेवतां येतात. औषधांचा अतिरेक होऊन बीजकोश सुजण्याचा धोका मात्र आहे, आणि दोन-तीन गर्भ एकदम ठेवल्यास जुळीं-तिळीं होऊन आई व मुलें दोघांनाही अपाय होतो. म्हणून एकच गर्भ ठेवण्याकडे जाणत्या डॉक्टरांचा कल असतो.

आणि तरीही, तरुण स्त्रीच्या बाबतींतसुद्धां बहुतेक ठिकाणीं एका प्रयत्नांत मूल पदरीं पडण्यापेक्षां न पडण्याचाच संभव अधिक असतो. पस्तिशी उलटली कीं तो संभव उतरणीला लागतो, आणि चाळिशीनंतर झपाट्यानें उतरतो. आरंभींच पुरुषाची साधी, अल्प खर्चाची तपासणी करून घेणें हें किती शहाणपणाचें, हें सांगावयास नको. परंतु आजही कित्येक घरांतून पत्नीच्या साऱ्या तपासण्या होऊन जातात, शस्त्रक्रियाही होते, आणि पतीची परीक्षा सर्वांच्या शेवटीं, तीही नाखुशीनें, केली जाते. अशा वेळीं अपमान वाटतो तो पुरुषाला. झीज होते ती स्त्रीच्या शरीराची.

लुईजच्या जन्मानंतर सत्तर दिवसांनीं, ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं, कलकत्त्यास अग्रवाल दांपत्याला याच मार्गानें मुलगी झाली. दुर्गापूजेच्या दिवसांत आलेल्या या मुलीचा उल्लेख दुर्गा या नांवानेंच होत राहिला. डॉ. सुभाष मुखर्जी यांनीं दोन सहकाऱ्यांच्या मदतीनें, तुटपुंज्या साधनांवर हें घडवून आणलें. त्यांनीं औषधांनीं बीजें पिकविलीं, पोटावर छेद न घेतां तीं योनिमार्गानें काढलीं, आणि गर्भ कांहीं आठवडे गोठवून मग ठेवला. या तिन्ही गोष्टी पुढें जगभर रूढ झाल्या. परंतु सरकारनें नेमलेल्या समितीनें त्यांचें म्हणणें खरें मानलें नाहीं. परदेशीं जाऊन आपलें काम मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाहीं. शेवटीं त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेंत करण्यांत आली. १९ जून १९८१ रोजीं त्यांनीं स्वतःचें जीवन संपविलें.

आणि ते आईबाप? त्यांनीं मौन पत्करलें होतें. मुलगी कशी झाली हें जाहीर झाल्यास समाज तिच्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहील, पुढें तिचें लग्न कसें होईल, ही भीति त्यांच्या मनांत होती, आणि त्या काळाच्या मानानें ती अनाठायीं नव्हती. त्यांनीं पुढें होऊन साक्ष दिली असती तर डॉक्टरांचा पक्ष बळकट झाला असता काय, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. परंतु आईबापांना त्यासाठीं जबाबदार धरणें योग्य नव्हे. जें त्यांना वाटलें तें वाटावयास लावणारा समाज त्यांनीं निर्माण केलेला नव्हता. ब्राउन दांपत्याला जगाची नजर नकोशी झाली; अग्रवाल दांपत्याला ती येऊंच नये म्हणून जपावें लागलें. ती मुलगी, कनुप्रिया अग्रवाल, २००३ सालीं आपल्या पंचविसाव्या वाढदिवशीं आपण होऊन लोकांपुढें आली आणि डॉक्टरांचें नांव तिनें आदरानें घेतलें.

त्याआधीं सहा वर्षें त्या नांवाला न्याय मिळवून देण्याची खटपट केली ती मुंबईच्या एका शास्त्रज्ञानें, आणि तोही असा, कीं ज्याच्या स्वतःच्या मानाला त्यामुळें कमीपणा येणार होता. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत हर्षा चावडा ही मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीं रुग्णालयाची बाजू सांभाळली, आणि जवळच असलेल्या जननविषयक संशोधन संस्थेंतून डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीं प्रयोगशाळेची. भारतांतील पहिलें असें मूल म्हणून हर्षाचें नांव झालें. पुढें कलकत्त्याच्या मुखर्जींचीं टिपणें आनंदकुमार यांच्या हातीं आलीं. तीं वाचून पाहिल्यावर, पहिलेपणाचा मान आपला नसून मुखर्जींचा आहे, असें त्यांनीं १९९७ सालीं शास्त्रीय नियतकालिकांत लिहून प्रसिद्ध केलें.

लेस्ली ब्राउन ६ जून २०१२ रोजीं ब्रिस्टलमध्यें वारली. तोंवर तिला नातवंडें झालीं होतीं. मुंबईची हर्षा २०१६ च्या मार्च महिन्यांत बाळंत झाली. मुलगा झाला, आणि ती प्रसूति केली डॉ. इंदिरा हिंदुजा यांनींच.